मेहरूणच्या प्लॉटची दलाली

साक्री,
६ जानेवारी २०२५

चि. सौ. सारिकास,

अ. उ. आ. तुमच्या घरचा फोन सदा योगराजच्या कानाला, म्हणून पत्रच लिहिते. माझा मेहरूणचा प्लॉट तुझे वडील भाईदास आबाच घेताहेत हे ऐकून बरं वाटलं. तुझा भाऊ पियुष तिथे घर बांधील, म्हणजे जागा आपल्यातच राहिली.

फक्त अठरा लाखांच्या वर आबा सरकत नाहीत, असं योगराज म्हणाला. थोडं लागलं मनाला. पण व्याह्यांशी पैशाचं तोंडाने बोलायचं नसतं, ही आपली रीत. तो दोन्हीकडे बोलतोय तेच बरं. आत्याकडून दलाली घेणार नाही, असंही म्हणाला. सहावीपर्यंत माझ्याकडे राहिला, त्याची जाण ठेवली पोराने. अठरात नव्या घराला मागची खोली होणार नाही, पण भाड्याचं घर तरी सुटेल.

चष्मा बदललास का? नाहीतर भाजीत पुन्हा अळी शिजवशील. योगराजला आशीर्वाद. तुझी माया आहे तशी असू दे.

तुझी,
अक्का


मेहरूण, जळगाव,
११ जानेवारी २०२५

ती. अक्कांस,

सा. न. वि. वि. हे वाचून फोन करू नका. यांच्या फोनवरचं प्रत्येक बोलणं टेप होतं, धंद्यात उपयोगी पडतं म्हणे.

काल माहेरी पहूरला गेले, तर आईच्या हातात पाटल्या नव्हत्या. मोडल्या. का, तर हेमलताबाई, म्हणजे तुम्ही, चोवीस लाखांखाली उतरत नाहीत, असं जावयाने, म्हणजे यांनीच, सांगितलं. आबा म्हणत होते, बाईंनी सोयरिकीची शरम ठेवली नाही. आणि तुम्ही तिकडे अठरावर समाधान मानून बसलात.

घरी येऊन यांना विचारलं. चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. म्हणाले, दलालीच्या दोन टक्क्यांत ऑफिसचं भाडं निघतं, घर चालतं ते वरच्या पैशांवर. विकणाऱ्याला विचारायचं, हातात किती हवेत. त्यावर सुटेल ते आपलं. दोघांना प्लॉट वेगवेगळ्या दिवशी दाखवायचा, आणि प्रत्येकाला सांगायचं की समोरचा अडून बसलाय. कागदावर सरकारी भाव, बाकी रोकड यांच्या हातून, म्हणून कुणाला कळत नाही. नातेवाइकांत तर फारच सोपं, म्हणाले, ते आपसांत पैशाचं बोलतच नाहीत. वर मलाच विचारलं, की तुझ्या अंगावरची साडी कशातून आली.

अक्का, मला किळस आली. यांची, आणि त्या साडीचीही. ती कुणाला देऊन टाकायलाही मन होत नाही. एकवीस तारखेला खरेदीखत आहे. मी आबांना सांगितलं तर ते मला कायमची पहूरला नेतील. तुम्हीच काय ते बघा.

माझ्यावरचा लोभ कमी करू नका.

आपली,
सारिका


साक्री,
२३ जानेवारी २०२५

चि. सौ. सारिकास,

अ. उ. आ. तुझं पत्र मिळालं. दुसऱ्या दिवशी धुळ्याला गाडी बदलून पहूर गाठलं. तुझं नाव घेतलं नाही. चहा पुढे आला तेव्हा रीत बाजूला ठेवली, आबांना त्यांचा आकडा विचारला आणि माझा सांगितला. आबांनी बशी खाली ठेवली आणि दोन्ही आकडे पुन्हा विचारले. तुझी आई रडली, पाटल्यांसाठी नव्हे, माझ्याविषयी चार घरी काय काय बोलली होती त्यासाठी. एकवीस लाखांना आमचं जमलं. सगळं बँकेतून, सगळं कागदावर. पाटल्या पुन्हा होतील.

खरेदीच्या दिवशी आबा आणि मी एकाच रिक्षातून उतरलो, तसा योगराज पांढरा पडला. मग हसला. म्हणाला, घरातलंच तर आहे. त्या हसण्याची मला अजून शिसारी येते.

सह्या झाल्यावर मी पिशवीतून त्याचे दोन टक्के काढले, बेचाळीस हजार, आणि सगळ्यांसमोर ठेवले. वाटलं होतं, निदान हात मागे घेईल. मी एवढंच म्हटलं, मोजी ले. त्याने बोटाला थुंकी लावून दोनदा मोजले. मी पावती मागितली, तीही त्याने लिहून दिली.

ती ट्रंकेत ठेवली आहे. अक्षर वळणदार आहे. पाटीवर मीच गिरवून घेतलं होतं.

मागची खोली आता होईल. तुला कधी यावंसं वाटलं तर ती तुझीच. तुझी माया असू दे. योगराजला आशीर्वाद लिहिलेला नाही.

तुझी,
अक्का