फर्नबाईंच्या व्हरांड्यात दोन साक्षीदार

प्रिय हार्लनदादा,

प्रभूत सलाम. (बरं बाबा, नुसता सलाम. लगेच पत्र फाडू नकोस.) छातीत दुखायचं थांबलं का? पुढच्या शुक्रवारी तुझं हृदयाचं ऑपरेशन, आणि त्याआधी येशूबद्दल तुझ्याशी चार शब्द कसे बोलावेत या विचारानं मला इथं आर्कान्सॉमध्ये झोप नाही. मागच्या वेळी मी "दादा, मरणानंतर" एवढंच म्हणाले, तर तू फोन आपटलास. ते असो. काल काय झालं ते आधी ऐक, मला राहवतच नाहीये!

आमच्या चर्चची मंगळवारची फेरी तुला ठाऊकच आहे. दारोदार जायचं, केक द्यायचा, पत्रक द्यायचं आणि येशूची सुवार्ता सांगायची. (गावात चर्चं इतकी, की तारण न झालेला, म्हणजे येशूला अजून न स्वीकारलेला माणूस औषधालाही सापडत नाही. माझ्या हातून आजवर एकाचंही तारण झालं नाही. केक मात्र सगळ्यांनी खाल्ले.) काल माझ्या वाट्याला फर्न लेडबेटर आल्या. नवरा गेल्यापासून ही बाई कुणाला दार उघडत नाही. म्हणून मी परसातून वळसा घालून व्हरांड्यात गेले, तर झुलत्या खुर्चीवर टाय लावलेले एक गृहस्थ! मला वाटलं, फर्नबाईंचे पाहुणे. आणि मी केक घेऊन मागच्या बाजूनं आलेली, त्यामुळे त्यांना वाटलं मीच घरची मालकीण. ते होते लिरॉय हचिन्स, नदीपलीकडच्या चर्चचे, तेही फेरीवरच निघालेले, पण हे सगळं नंतर कळलं.

दोघांनी एकदमच तोंड उघडलं, "आज रात्री तुम्ही मेलात तर कुठं जाल?" दादा, माझ्या अंगावर काटा आला. सापडला एकदाचा पापी! त्यांनाही तसंच वाटलं असणार, कारण त्यांचे डोळे भरून आले. येशू मला कसा भेटला याची मी साक्ष दिली, त्यांनी त्यांची दिली. मी शास्त्रातलं एक वचन काढलं की ते दोन काढायचे. (पाप्याचं एवढं पाठांतर कसं, हा प्रश्न मला पडायला हवा होता.) ते म्हणाले, चला नदीवर, आत्ताच बाप्तिस्मा घ्या. मी म्हटलं, अहो, हेच मी तुम्हाला सांगायला आलेय. शेवटी दोघंही गुडघे टेकून एकमेकांसाठी मोठमोठ्यानं प्रार्थना करायला लागलो, तेवढ्यात दार उघडलं.

फर्नबाई इतका वेळ टीव्हीचा आवाज बंद करून पडद्याआड उभ्या होत्या. "एकमेकांना खुशाल स्वर्गात पोचवा," त्या म्हणाल्या, "पण केक इथं ठेवून जा!" आणि हसायलाच लागल्या. हसता हसता डोळ्यांतून पाणी आलं, आणि मग ते काही हसण्याचं राहिलं नाही. "मेल्यावर कुठं जाशील, हे सगळे विचारतात. बर्ट गेल्यापासून संध्याकाळ कशी काढतेस, हे मेलं एकानं विचारलं नाही."

लिरॉयनी टाय सैल केला. मी पत्रकं पर्समध्ये कोंबली. आत बसलो, केक कापला आणि पोटभर बर्टबद्दल ऐकलं. उठताना फर्नबाईंनीच मला विचारलं, "तुझा नवरा गेला तेव्हा तू कशी तगलीस गं?" मी म्हटलं, येशूच्या आधारानं. रोज त्याच्याशी भांडत होते, तरी तो मला सोडून गेला नाही. बस, एवढंच. आणि दादा, त्या परत खाली बसल्या आणि म्हणाल्या, "अजून सांग!" माझ्या आयुष्यात असं कुणी म्हटलं नव्हतं. त्या आनंदात मी घरापर्यंत चालत आले. (गाडी त्यांच्याच दारात आहे.)

तुझीच आगाऊ बहीण,
लर्लीन

ता. क. लिरॉयनी माझं तारण त्यांच्या चर्चच्या खात्यात धरलंय. मीही त्यांचं आमच्याकडे धरलंय.

आणखी एक ता. क. पुढच्या गुरुवारच्या बसनं तुझ्याकडे येतेय. पत्रकं इथंच ठेवतेय, केक आणतेय. तो प्रश्न विचारणार नाही, शपथ. ऑपरेशनच्या आदली संध्याकाळ तू एकट्यानं काढू नयेस, एवढंच. "अजून सांग" म्हणालास तर सांगेन, नाही म्हणालास तर पत्ते खेळू. (आमच्या पास्टरना कळवू नकोस.) फक्त बेल वाजली की पडद्याआड लपू नकोस, दादा. तुझा पडदा आखूड आहे, खालून पाय दिसतात.