तिसऱ्या क्रमांकावरचं नाव

नझीर,

तुझ्या बहिणीचा, आपल्या झुबेदाचा, निकाह झाला त्या साली, पंचावन्नात, मी अक्षरं शिकले, म्हणून मेजावरचा तुझा कागद वाचता आला. तुझ्या नव्या लाँच कंपनीला नाव मिळावं म्हणून मुंबईच्या नोंदणी कचेरीला पसंतीच्या क्रमाने तीन नावं कळवतोयस. पहिलं ‘आसिया’, तिसरं माझं, ‘रहिमा’. पहिलं मोकळं निघालं, आधी कुणी घेतलेलं नसलं, तर कचेरी तेच देणार; तिसऱ्याकडे कोण बघणार? तुझ्या जन्मदात्रीचा मला हेवा वाटतो, लपवत नाही. आकडे मी पेन्सिलीने बदलले, मग खोडले. डाग राहिलाय, नव्या कागदावर उतरव. क्रम तूच ठरव. मी दाभोळला बहिणीकडे जाते. भाकऱ्या शिंक्यात आहेत.

आसिया सत्तावीस सालच्या रमजानात वारली. तू तेव्हा चाळीस दिवसांचा होतास. तिथून पुढे माझ्याच मांडीवर वाढलास.