पाचवी खाच

३ तारीख, सोमवार

आलो. दोन बॅगा, पुस्तकांची चार खोकी, एक खुर्ची. शनिवारी नोंदणी कार्यालयात सह्या केल्या आणि आज या घरात पाऊल टाकलं. बेचाळिसाव्या वर्षी नवरा झालो. मजा वाटते आहे.

घर लहान, पण नेटकं. पुढे बैठक, मग स्वयंपाकघर, आईंची खोली, आमची खोली, आणि बोळाच्या टोकाला मागची खोली. मागची खोली मला मिळाली. तिथे पूर्वी बायकोच्या पहिल्या नवऱ्याची हत्यारं असायची. तो घरोघरी इंटरनेटच्या वायरी ओढायचा. तीन वर्षांपूर्वी एका कामावर शिडीवरून पडला आणि गेला. हे सगळं तिने मला लग्नाआधीच सांगितलं होतं.

आई म्हणजे तिची त्या लग्नातली सासू. मुलगा गेला, सून राहिली, आणि दोघी एकमेकींच्या झाल्या. आईंनी चाळीस वर्षं शिवणकाम केलं. आता फारसं दिसत नाही. त्यांनी माझे दोन्ही हात चाचपले आणि म्हणाल्या, मऊ आहेत, मास्तराचे आहेत. सगळे हसलो. आयत्या बिळात नागोबा, असं मी स्वतःबद्दल म्हणालो. त्यावर मात्र कोणी हसलं नाही.

पुढच्या सोमवारपासून माझे वर्ग. नववीचं गणित, दुपारी दोन ते पाच, पडद्यावरून. मागच्या खोलीत वायफाय पोचत नाही. मध्ये न्हाणीघराच्या फरशीच्या भिंती आहेत. ही रोजनिशीही मी शाळेच्या संगणकावर लिहितो. लिहिलेलं तिकडे दूर कुठेतरी साठतं आणि जोडणी तुटली की अक्षर उमटत नाही. म्हणून आज बैठकीत बसून लिहितो आहे. बायकोसमोर रोजनिशी लिहिणं बरं नाही. मागच्या खोलीपर्यंत एक वायर न्यायला हवी.

५ तारीख, बुधवार

राउटरशेजारी एक काळी डबी आहे. तिला पाच खाचा. चार खाचांतून चार वायरी निघतात आणि भिंतीच्या कडेने घरभर जातात. दर चार बोटांवर एक क्लिप. पट्टी लावून पाहिलं, कुठेही फरक नाही. प्रत्येक वायरीला पांढऱ्या टेपचा तुकडा, त्यावर निळ्या शाईत नाव. बैठक. आई. स्वयंपाकघर. चौथ्यावर ‘आम्ही’.

चौथी वायर आमच्या खोलीत जाते.

काम सुरेख आहे, असं मी तिला म्हणालो. ह्यांचं कामच तसं, ती म्हणाली, पण मागच्या खोलीचं तेवढं राहून गेलं. मला ती ‘तू’ म्हणते. मीच तसं सांगितलं होतं, मोकळेपणा हवा म्हणून. आज त्या ‘ह्यांचं’मध्ये काहीतरी होतं जे ‘तू’मध्ये नाही.

त्याच्याबरोबर काम करणारा एकजण आहे, त्याला बोलावू का, असं तिने विचारलं. मी नको म्हणालो. एक वायर तर ओढायची.

८ तारीख, शनिवार

तीस मीटर वायर, प्लग, प्लग आवळायची पक्कड, टेस्टर, क्लिपांचं पाकीट. पत्ता ऐकून दुकानदाराने मान वर केली. त्या घरी जाऊन वायर तुम्ही ओढणार? मग अवघड आहे बुवा, म्हणाला. तुम्ही त्यांचे कोण, असंही विचारलं. नात्यातला, असं मी सांगितलं.

दिवसभर खपलो. मागच्या खोलीत भिंत फोडावी लागली नाही. खालच्या कोपऱ्यात आधीच भोक होतं, आत नळी बसवलेली, तोंडाला चिंधीचा बोळा. बोळा काढला आणि वायर आत सरकवली. पलीकडून ती कोणी ओढून घ्यावी इतकी सहज गेली.

क्लिपा वाकड्या बसल्या. तीन ठिकाणी गिलावा उडाला. पण टेस्टरचे आठही दिवे ओळीने लागले. संगणक जोडला तर चित्र येतं आणि थिजतं. येतं आणि थिजतं.

९ तारीख, रविवार

ती क्लिपा बघून हसली. भिंतीवरून कोणीतरी झिंगून चालत गेल्यासारखं दिसतं, म्हणाली. हसण्यात वाईट काही नव्हतं. मग सहज तिचं बोट ‘आम्ही’वरून फिरलं. पुसल्यासारखं. तिला ते कळलंही नसेल.

ती आंघोळीला गेल्यावर मी तो टेप सोलून काढला, चुरगाळला आणि कचऱ्यात टाकला.

१० तारीख, सोमवार

नवे प्लग आणायला सकाळी दुकानात गेलो. ती कामावर, आई आपल्या खोलीत. अर्ध्या तासाने परत आलो तर वायर नीट झालेली होती.

नीट म्हणजे सगळीच. क्लिपा सरळ, चार बोटांवर. उडालेला गिलावा भरलेला. दोन्ही टोकांचे प्लग नवे.

माझं काय चुकलं होतं ते पुस्तिका वाचल्यावर कळलं. वायरीच्या आत आठ तारा असतात, दोन-दोन एकमेकींना पीळ घातलेल्या. मी जोड्या शेजारी-शेजारी बसवल्या होत्या, वर्गात मुलं बसवतात तशा. टेस्टर त्याला फसतो. खऱ्या क्रमात हिरवी जोडी तिसऱ्या आणि सहाव्या जागी जाते आणि मध्ये निळी जोडी बसते. मध्ये कोणीही बसलं तरी तिसरी आणि सहावी एकमेकींचीच. हे ज्याने केलं त्याला पुस्तिका लागली नव्हती.

वर्ग तीन तास चालला, एकदाही थिजला नाही.

संध्याकाळी ती बोळात उभी राहून बघत राहिली. शिकलास की रे, म्हणाली, आणि माझ्या पाठीवर हात ठेवला. लग्नानंतर पहिल्यांदाच आपणहून.

मी नाही केलं, असं मी म्हणालो नाही.

१३ तारीख, गुरुवार

वायर नीट करणारा तो साथीदार, पहिल्या नवऱ्याच्या कामावरचा. दुसरं कोण असणार? तिनेच बोलावलं, मला कमीपणा वाटू नये म्हणून मागच्या मागे. म्हणजे त्याच्याकडे घराची किल्ली आहे. तीन दिवस डोक्यात हेच. तिच्या फोनकडे बघत बसतो.

आईंना आडून विचारलं. सोमवारी कोणी आलं नाही, असं त्या म्हणाल्या. दाराची कडी कुरकुरते, ती त्यांना पलंगावर ऐकू येते.

मग त्या उठून बोळात गेल्या. भिंतीवर हात टेकून क्लिपांवरून बोट नेत गेल्या, शिवण तपासावी तसं. पुटपुटत टाके मोजले. मागच्या खोलीच्या दाराशी थांबल्या. हे तुम्ही केलंत का, असं त्यांनी विचारलं. मी हो म्हणालो. मग म्हणाल्या, आपल्या हातचं काम दुसऱ्याने आपलं म्हटलेलं माझ्या लेकाला कधी खपायचं नाही. बाकी गरीब होता.

डबीकडे गेलो. चौथ्या वायरीवर ‘आम्ही’. तोच टेप. माझ्या चुरगाळण्याच्या घड्या त्यावर आहेत.

१५ तारीख, शनिवार

सगळ्या क्लिपा उपटल्या. पुन्हा ठोकल्या, माझ्या हाताने, वाकड्या. निदान माझ्या तरी असतील.

ती बाजारातून आली आणि पिशवी हातात धरून उभीच राहिली. चांगलं झालेलं कशाला उकरलंस, म्हणाली. मी म्हणालो, माझंच होतं, मी उकरलं. ती जेवायला आमच्यात बसली नाही.

जेवून मी तासभर पडलो. उठलो तर बोळात ती हसते आहे. एवढ्यात सरळ केलंत पण, म्हणाली. अहो, तुम्हाला राग कळतच नाही माझा.

अहो.

तिने जीभ चावली नाही. मीही ओ दिली.

१७ तारीख, सोमवार

उरलेली वायर मी कपाटावर ठेवली होती. अकरा मीटर. आज मोजली तर सहा.

पाच मीटर माझ्या खोलीत आहे. नळीतून निघून जमिनीच्या कडेने, गजांच्या खिडकीखालून, माझ्या खुर्चीमागून. चार बोटांवर क्लिप. मी दुपारभर इथेच होतो. वर्ग चालू होता. पाठीमागे ठोकल्याचा आवाज येत होता, शेजारी काही काम असेल असं वाटलं.

मी पक्कड घेतली आणि वायर तोडली. मधोमध. दोन टोकं हातात आहेत.

हे लिहितो आहे आणि अक्षरं उमटत आहेत.

१८ तारीख, मंगळवार

तिला सांगायला गेलो. सगळं. वायर माझी नाही, प्लग माझा नाही, मी खोटं बोललो. ती भाजी निवडत होती. वर न बघता म्हणाली, तुम्ही मघाशीच सांगितलंत ना, खोली पुरी झाली म्हणून.

मघाशी मी वर्गावर होतो.

डबीची पाचवी खाच. माझ्या वायरीवर टेप आला आहे. निळी शाई. ‘पाहुणा’.

कपाटावर वायर दोन मीटर.

१९ तारीख, बुधवार, दुपार

कपाटावर काही नाही. आज शाळेला सुट्टी, वर्ग नाही.

वायर दाराच्या चौकटीवरून फिरली आहे. मी जेवून आलो, दार लावलं, आता ते उघडत नाही. पलीकडून ठोकतो आहे. टक. चार बोटं. टक. घाई नाही त्याला. काम जाणतो.

आईंना हाका मारल्या. त्यांच्या काठीचा आवाज दारापर्यंत आला. थांबला. टक टक चालूच. त्या म्हणाल्या, हळू रे, बोटावर घेशील. आणि काठी परत गेली.

तीन वाजता

ती आली. कडी कुरकुरली. मी दार बडवतो आहे, तिला ऐकू जात नाही. मला तिचं सगळं ऐकू येतं. चपला काढल्या. पिशवी ठेवली. अहो, झालं का, चहा टाकू?

टाक, म्हणाला. माझ्या आवाजात. मागून माझा खोकलासुद्धा.

फोन खोलीबाहेर राहिला. पण संगणक चालू आहे, जोडणी पक्की, इतकी चांगली कधीच — तिला संदेश पाठवला. दार उघड. मी आत आहे. बाहेर आहे तो मी नाही.

स्वयंपाकघरात तिचा फोन वाजला.

ती वाचते आहे. मोठ्याने वाचते आहे. अहो, हे काय पाठवलंत मला —

हसतो आहे. वायर तपासत होतो, म्हणाला. शेवटपर्यंत पोचते का ते.

पोचली हो, ती म्हणाली. तुमचं काम म्हणजे काय.

पुन्हा पाठवतो. तिचं मला माहीत असलेलं काहीतरी, जे त्याला माहीत नसेल — नोंदणी कार्यालयात तिने सही करताना पेन — तिची डावी — काय आहे असं? सतरा दिवसांत काय आहे माझ्याकडे —

बोळात पावलं. बैठकीकडे. डबीपाशी थांबला आहे. तिला विचारतो आहे, ही पाचवी आता कशाला हवी, मागे तर कोणीच

आहे, तिला सांग, मी आहे, मीच तिला म्हणालो होतो ‘तू’ म्हण, तिला विचार की त्या शनिवारी सही करताना ती माझ्याकडे बघून