थाळी फिरली नाही

३ मार्च, सोमवार

उभा जन्म मी डास मारण्यात घालवला, आणि ही माझी नात घरी येऊन सांगते, ‘आजी, आज आमचे डास पोटभर जेवले!’ कोणाच्या जिवावर? हिच्याच! मनगटापासून कोपरापर्यंत गांध्या. लॅबमध्ये जाळीचा डबा हातावर उपडा धरला म्हणे. आणखी दोघांच्याही — एक बसचा ड्रायव्हर, एक शिंपीणबाई. आपखुशीने! अक्कल गहाण टाकलेली माणसं सगळी.

४ मार्च

विचारलं तेव्हा सांगितलं. डासांच्या अंगात हिवतापाचा जंतू असतो. ते डास मशीनमध्ये ठेवून किरण सोडायचे. जंतू मरत नाही, अर्धमेला होतो. माणसाच्या यकृतापर्यंत पोचतो, पण पिलावळ वाढवू शकत नाही. तेवढ्यात शरीर त्याला ओळखून ठेवतं — हीच लस.

‘मारायचं तर सरळ मारा की!’

‘मेलेल्याकडून शरीर फारसं शिकत नाही, आजी. किरण जास्त झाले तर लस फुकट. कमी पडले तर खरा ताप.’

जिवंत पण निकामी. हिचा आजोबा शेवटी तसाच होता. घर मात्र सगळं सावध!

खूप हसली. हिची आई हिवतापाने गेली तेव्हा ही मांडीवर होती. बोलत नाही, पण हा नाद तिथूनच.

९ मार्च, रविवार

ताट तसंच सरकवलं. नखं कुरतडत बसली. शेवटी मी ओरडले, ‘ओक एकदाचं!’

मशीनच्या आत थाळी असते. ती फिरली तरच डब्यातल्या सगळ्या डासांना सारखे किरण लागतात. काल हिने पाहिलं — हिरवा दिवा चालू, थाळी ढिम्म. कधीपासून बंद, देव जाणे. सोमवारचा डबाही हिनेच ठेवलेला. दिव्यावर विसंबून! आत डोकावलीच नाही.

‘म्हणजे एका बाजूचे डास नीट, आणि दुसऱ्या बाजूचे—’

‘तसेच कच्चे. ते कोणाला चावले, सांगता येत नाही.’

मी म्हटलं, तोंड शिव. लॅबच्या मॅडमना कळलं तर हाकलून देतील. शुक्रवारी रक्त तपासणारच आहेत ना?

‘तोवर ताप आला तर?’

‘तुला आला तर मी आहे.’

‘आणि त्यांना?’

मी भांडी आदळली.

१० मार्च

गप्प गेली, गप्प आली. माझं ऐकलं. एरवी ऐकते का कधी!

१२ मार्च, बुधवार

दात दाखवायला निघाले. बसमध्ये अगदी पुढे जागा मिळाली. ड्रायव्हरच्या हातावर तसल्याच डागांची रांग! मी बघतेय म्हटल्यावर तोच बोलला, ‘लस आहे, मावशी! मच्छरदाणी बायकोला दिली. मी राजासारखा उघडा झोपतो.’

‘अंग कसं आहे?’

‘कसकसतंय जरा. गाडी हाणून हाणून, दुसरं काय!’

बस गच्च भरलेली. माझ्या मागे एक बाई तान्ह्याला घेऊन. सांगायला तोंड उघडलं — आणि निघालं काय, ‘गाडी थांबव, उतरते.’ दात दुखायचा थांबला होता. तशीच उतरले, उलट्या पावली घरी.

नात आली तेव्हा दारातच अडवली. ‘चप्पल काढू नकोस. मॅडमकडे जा. रविवारी मी बोलले ते चुलीत घाल.’

‘नोकरी गेली तर?’

‘माझ्याबरोबर भांडी घास. नीघ!’

१३ मार्च

मॅडमनी लगेच सगळ्यांना बोलावणं धाडलं. शिंपीणबाईचं रक्त स्वच्छ. हिचंही. तरी दोघींना औषध दिलं. मला हायसं वाटलं — आणि वर स्वतःचीच चीड आली. ड्रायव्हरचा पत्ता नाही. बायको म्हणाली, फोन घरी विसरून जादा पाळीवर गेलाय.

गाडीवर! त्या अंगाने!

१४ मार्च

बस कशीबशी कडेला लावली आणि स्टिअरिंगवरच कोसळला. अंगाची भट्टी. रक्तात जंतू सापडला. बसमधली माणसं वाचली, तोही वाचेल म्हणतात. त्याची बायको पत्ता शोधत आलीय, खाली दारात उभी आहे. ‘काय सोडलंत माझ्या माणसाच्या अंगात?’ नात भिंतीला चिकटलीय. ऊठ म्हटलं. दोघींनी उतरायचं. थाळीचं तू सांग. गप्प का बसलो, ते मी सांगेन — तेव्हा तू मधे तोंड घालायचं नाहीस.