पाटांचे नंबर

६ सप्टेंबर १९९६
गणपतीच्या कारखान्यात रंगाचा कॉम्प्रेसर सुरू झाला, दिवे मिचमिचले, कॉम्प्युटर बंद. परत चालू केला तर बुकिंगची फाइल उघडेना. किरकोळ बाब. उद्या दुपारपर्यंत दुरुस्त.

७ सप्टेंबर
हमरापुरात गिऱ्हाईक घरचा पाट आणून देतं, गणपती त्यावरच बसतो. पाटाच्या कडेला खडूने नाव. ही अशास्त्रीय पद्धत मी जुलैत बंद केली. नावं पुसली, ऑइलपेंटने नंबर टाकले. कुठला नंबर कोणाचा, ते फाइलमध्ये. पद्धत निर्दोष आहे. दोष डिस्कचा.
मालक पुंडलिककाका म्हणाले, "गो, ती नावं काय भाडं मागत व्हती?"

८ सप्टेंबर
डिस्क तपासणारा चेकडिस्क प्रोग्राम चालवला. फाइलचे तुकडे हाती लागले. एका तुकड्यात 'पाटील' स्पष्ट वाचता येतं. मोठं यश. या भागात पाटील किती, हा प्रश्न वेगळा.
शिवाय बॅकअप आहे. त्याच डिस्कवर.

१० सप्टेंबर
डिस्क टॉवेलात गुंडाळून एसटीने पनवेलला नेली. दुकानदार म्हणाला, "मॅडम, फॉरमॅट मारून देतो, नव्यासारखी होईल." अशा लोकांशी बोलण्यात अर्थ नाही.

१२ सप्टेंबर
काकांना सांगितलं, नव्वद टक्के डेटा येईल. म्हणाले, "मग लोकांनी गणपती नव्वद टक्के न्यायचा? सोंड हितंच ठेवून?" मग हळू आवाजात, एकाचा गणपती दुसऱ्याच्या घरी बसला तर पुढल्या वर्षी इथे कोणी पाट देणार नाही.
नव्वद हा आकडा जरा घाईचा होता.

१४ सप्टेंबर
गिऱ्हाइकं आली. 'सिस्टीम बंद आहे' असा बोर्ड लावला. कोणी वाचला नाही. जोहे गावच्या गिरजाबाई सरळ आत. "ह्यो माझा. कोपरा चुलीत जळला, सासूनं वरीसभर ऐकवलं." कोणाच्या पाटाला खिळे ठोकलेले, कोणाचा एक पाय आखूड. ज्याने त्याने आपापला ओळखला, उचलला. एकही चूक नाही.
नंबरांमुळे शिस्त राहिली.

१५ सप्टेंबर
एकच मूर्ती उरली. नंबर ११७. कोणाची, कोणालाच माहीत नाही. फाइल असती तर क्षणात सांगितलं असतं. तुकड्यांत शोधते आहे.

संध्याकाळी
आई आली. तापलेली. "उद्या गणपती, नि तू हितं बसून काय करतेस गो?" थेट ११७ पाशी गेली. "चौथीत कर्कटकानं कोरलास, मार खाल्लास. आता आपला पाट वळखत नायस?"
पेंटवरून बोट फिरवलं. खाली अक्षरं लागली. माझंच नाव. पूर्ण. एकही अक्षर गहाळ नाही.