चुकीच्या पेशंटसाठी झालेली प्रार्थना

मी, या गल्लीतल्या सायकल दुरुस्तीच्या दुकानाची मालकीण, जिला लहानथोर सगळे 'पंपवाली' म्हणतात, आज दुकान बंद ठेवून, हात साबणाने धुऊन आणि चष्मा पुसून हे मृत्युपत्र लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण वकीलबाई म्हणाल्या की कायद्याला गुडघे लागत नाहीत. मला कोणी धाक दाखवलेला नाही, गोड बोलून शेंडी लावलेली नाही, आणि पोटात सकाळच्या चहाखेरीज दुसरे काही नाही. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही. केले असते तरी एव्हाना हरवले असते.

'माझे डोके ठिकाणावर आहे' हे वाक्य मी पेन दाबून लिहिले आहे, कारण माझा थोरला भाऊ, म्हणजे दादा, ते मान्य करीत नाही. बाबांच्या आजारपणात इस्पितळात माझे डोके फिरले ते फिरलेच, असे त्याचे मत. बाबा गेले, दादाचे केस गेले, मत मात्र जागचे हललेले नाही. तो जेवायला येतो, माझ्या हातचे चाटूनपुसून खातो आणि जाताना दारात तेच ऐकवून जातो. मला या वयात कोणाकडून काही नको. फक्त दादाने एकदा, मी जिवंत असताना, म्हणावे की बाई, तू शुद्धीवर आहेस. बाकीची वाटणी त्यामानाने सोपी आहे.

कलम पहिले, घर. दुकान सोडून मागच्या दोन खोल्या आणि पोटमाळा बाबांनी माझ्या नावावर केला. त्यातला अर्धा हिस्सा दादाला आणि अर्धा त्याच्या मुलीला, म्हणजे माझ्या पुतणीला. दादाने 'मला नको, मला नको' असे नाटक करू नये. मोरीचा नळ उलटा फिरवल्यावर बंद होतो. पोटमाळ्याची तिसरी पायरी पोकळ आहे, तिच्यावर जाडजूड माणसाने पाय ठेवू नये. कोण ते मी लिहीत नाही, वहिनीला कळेल.

चर्चला या घरातली एक वीटही देत नाही. दादा कायम म्हणत आला की ही प्रार्थनावाली मंडळी एक दिवस तुझे घर गिळणार. त्यांनी आजवर मागितले नाही, म्हणून मीही देत नाही. पाळकसाहेबांनी एकदा चाकात हवा मागितली होती, तीसुद्धा पैसे देऊन.

कलम दुसरे, मोठा पंप. जो पायाने मारायचा पितळी पंप कोपऱ्यावरचा छापखानेवाला 'आत्ता आणून देतो' म्हणून घेऊन गेला, तो मी त्यालाच देऊन टाकते, म्हणजे त्याच्याकडे चोरीचा माल म्हणून राहणार नाही. मी त्याला मनापासून माफ केले आहे. चर्चमध्ये गुडघे टेकून माफ केले आहे, आणि ते गुडघ्यांना परवडणारे नव्हते. तरीही पंप परत आला तर पुतणीने घ्यावा.

कलम तिसरे, बँकेतली शिल्लक. माझ्या मातीचा खर्च भागवून उरेल त्यातून बाबा ज्या इस्पितळात होते तिथल्या पुरुषांच्या वॉर्डात पेशंटच्या नातेवाइकांसाठी खुर्च्या घ्याव्यात. पाठ असलेल्या. स्टूल घेतल्यास मी वर जाऊन तक्रार करीन. हा हट्ट का, ते पुढे येईलच.

कलम चौथे, दुकानातली गादीची खुर्ची शिट्टीकाकूंना. काकूंचे वय माझ्यापेक्षा पुष्कळ जास्त, तेव्हा माझ्यामागे त्या राहतील का, अशी शंका वकीलबाईंनी काढली. काकू म्हणाल्या, "राहणार म्हणजे काय! मला ती खुर्ची हवीय." काकूंच्या पुढच्या दातांत फट आहे, त्यामुळे 'स' म्हणताना शिट्टी वाजते. त्यांची माझी ओळख कशी झाली हे इथे लिहून ठेवणे भाग आहे, कारण माझे डोके फिरले असे दादा म्हणतो ते तिथूनच.

बाबांच्या हृदयाची झडप खराब झाली होती. ऑपरेशन करायचे, पण आधी छातीतले पाणी कमी होऊ दे, असे डॉक्टर रोज सांगत आणि आम्ही रोज वाट बघत असू. आई आधीच गेलेली, दादा नोकरीसाठी परगावी. दुकान, घर, डबा, औषधे सगळे माझ्या एकटीच्या गळ्यात. बाबा आता जाणार, ही भीती मी कोणाला सांगत नव्हते, स्वतःलासुद्धा नाही. नाकी नऊ आले होते. औषधवाल्यावर खेकसत होते, गिऱ्हाइकांवर डाफरत होते, रडत मात्र नव्हते. मला वाटे, एक आरा ढिला सोडला की अख्खे चाक निखळून पडेल.

एका दुपारी बाबांना छातीचा फोटो काढायला नेले. स्टुलावर बसून बसून माझी पाठ मोडायला आली होती. खाट रिकामी दिसली, म्हटले जरा आडवे व्हावे. माझे केस तेव्हाही पुरुषासारखे कापलेले, आणि चादर नाकापर्यंत ओढलेली. तेवढ्यात चर्चमधल्या तिघी बाया आल्या. त्या वॉर्डात फिरत आणि ज्याला हवे त्याच्यासाठी प्रार्थना करीत. आदल्या खेपेला बाबांनी त्यांना 'पुढच्या वेळी बघू' म्हणून वाटेला लावले होते. म्हणून या वेळी त्या थेट आमच्या खाटेशी.

"अहो, झोपलेत ते," एक म्हणाली.

"झोपू देत. आपल्याला देवाशी बोलायचंय, त्यांच्याशी नाही," असे म्हणून शिट्टीकाकूंनी माझ्या कपाळावर हात ठेवला.

बाई, पेशंट मी नव्हे, असे मी ओरडणारच होते. पण काकूंनी सुरुवात केली. "प्रभू येशू, हे तुझं लेकरू फार थकलंय. सगळं एकट्याने सोसतंय. तू जवळ आहेस हे त्याला समजू दे. त्याला जरा विसावू दे." प्रत्येक 'स'ला शिट्टी. एरवी मला हसू फुटले असते. पण आई गेल्यापासून माझ्या कपाळावर कोणी हात ठेवला नव्हता. जो तो विचारी, बाबा कसे आहेत? तू कशी आहेस, हे कोणी विचारले नव्हते. आणि ही कोण कुठली बाई, मला न बघता, माझेच नेमके दुखणे देवाला सांगत होती. मी चादरीखाली हमसून हमसून रडू लागले.

काकूंनी डोळे उघडले. ग्रीसने काळी झालेली नखे पाहिली, कानातले पाहिले. "अगंबाई! ही तर बाई आहे!"

सिस्टर धावत आली. पेशंटच्या खाटेवर झोपता, लाज नाही वाटत, म्हणून मला झापले. त्याच वेळी बाबांची ट्रॉली दारातून आत आली. मुलगी खाटेवर, भोवती प्रार्थना करणाऱ्या बायका! बाबा म्हणाले, "मी फोटो काढून येईस्तोवर ही आजारी पडली?"

काकू ओशाळून पाणी पाणी झाल्या. "चुकलं हो बाबा. आता तुमच्यासाठी करते."

"माझं राहू द्या," बाबा म्हणाले. "आधी तिचं पुरं करा. हाती घेतलेलं काम अर्धवट सोडू नये."

तर अशी माझी प्रार्थना बाबांच्या देखत, सिस्टरच्या वटारलेल्या डोळ्यांसमोर, पूर्ण झाली. त्या दिवशी मी घरी जाऊन पोटभर जेवले आणि गाढ झोपले.

पुढे काकू येत राहिल्या. मी एकदा सरळच विचारले, "तुमचा देव बाबांना बरं करणार का?"

"ते मला ठाऊक नाही गं," काकू म्हणाल्या. "माझ्या नवऱ्यासाठी मी एवढी प्रार्थना केली, तो नाही झाला बरा. पण त्या दिवसांत मी एकटी नव्हते, एवढं मी छातीठोक सांगते."

त्यांनी खोटा धीर दिला असता तर मी तिथेच त्यांना रामराम ठोकला असता. दिला नाही, म्हणून माझा विश्वास बसला. मग मी बाबांना येशूच्या गोष्टी वाचून दाखवू लागले. लुळ्या माणसाला त्याच्या मित्रांनी छप्पर उसकटून येशूपुढे खाली सोडले, ती गोष्ट बाबांनी कान देऊन ऐकली आणि विचारले, "ते सगळं खरं, पण छप्पर मग दुरुस्त कोणी केलं?" याचे उत्तर मी अनेक पाळकांना विचारले आहे. अजून मिळालेले नाही.

ऑपरेशनच्या सकाळी मी बाहेरच्या बाकावर बसून देवाला म्हटले, "मला जमत नाही. आता तू सांभाळ." आकाशवाणी वगैरे झाली नाही. पण मी आपोआप काकूंकडून ऐकलेले गाणे गुणगुणायला लागले. नेमका तेव्हाच दादा गाडीतून उतरून बॅगसकट जिना चढून आला. "बाबा आत टेबलावर आहेत आणि तू गाणं म्हणतेस? डोकं फिरलंय का तुझं?" मी म्हटले, "दादा, मला आता भीती वाटत नाही." तेव्हापासून त्याची खात्रीच पटली.

बाबा वाचले. पुढे कितीतरी वर्षे दुकानात बसून माझ्या चुका काढत राहिले. मी बाप्तिस्मा घेतला तेव्हा ते पहिल्या बाकावर होते. दादा बाहेर स्कूटरवर बसून राहिला, डोक्यावर हेल्मेट तसेच. बाबांनी स्वतः काही बाप्तिस्मा घेतला नाही, मीही कधी मागे लागले नाही. पण शेवटच्या आजारात माझा हात धरून ते म्हणाले, "तुझ्या येशूला सांग, या वेळी खाट नीट बघून ये म्हणावं." मी हसले, तेही हसले, आणि मग मी बाबांसाठी अख्खी प्रार्थना केली. त्यांनी शेवटी 'आमेन' म्हटले. मला पुरे झाले.

कलम पाचवे, दुकान आणि हत्यारे. सगळे पाने, पकडी, आरे आवळायची चावी आणि चाकाचा आऊट, म्हणजे वाकडेपणा, काढायचा स्टँड पुतणीला. पोरीचा हात चांगला आहे, तोंड माझ्यासारखे आहे, दुकान चालेल. एकच सूचना. चाक एका बाजूला ओढत असेल तर तिकडचेच आरे आवळत सुटू नकोस, समोरचे थोडे सैल सोड. मी आधी सगळेच करकचून आवळायची, मग गिऱ्हाइकाचे आरे रस्त्यात ताडताड तुटायचे. इस्पितळातून आल्यावर ते थांबले. हे आधी बाबांच्या ध्यानात आले. माझ्यात काय बदलले ते त्यांनी मला विचारले नाही, चाक फिरवून बघितले.

कलम सहावे, माती. आधीची उपासना चर्चमध्ये व्हावी. पाळकसाहेबांनी थोडक्यात आटपावे. प्रार्थना शिट्टीकाकूंनी म्हणावी आणि शिट्टीला कोणी हसल्यास हसू द्यावे. दादाने आत येऊन बसावे. आत काही होत नाही.

पुरवणी. वरचा मजकूर वाचून दाखवायला मी आज सगळ्यांना मागच्या खोलीत बोलावले. साक्षीदार म्हणून वरच्या मजल्यावरची दातांची डॉक्टर आणि शिट्टीकाकू ठरल्या होत्या. तेव्हा वकीलबाई म्हणाल्या, "ज्याला मृत्युपत्रात काही मिळतं त्याने साक्षीदाराची सही करायची नसते. केली, तर मिळालेलं जातं."

"जाऊ दे खुर्ची," काकू म्हणाल्या. "आणा पेन."

दादा इतका वेळ खिडकीशी, आमच्याकडे पाठ करून उभा होता. इस्पितळाची हकिकतही त्याने तिथूनच ऐकली होती. तो म्हणाला, "थांबा काकू. तुम्ही सही केलीत तर उद्या लोक म्हणतील, प्रार्थनावाल्यांनीच लिहून घेतलं. मी करतो."

"तुमचं अर्धं घर जाईल," वकीलबाई म्हणाल्या.

"ऐकलं मी."

मी म्हटले, "दादा, नाटक नको."

"तू गप्प बस. आयुष्यात एकदा तरी माझं ऐक." मग वकीलबाईंना विचारले, "साक्षीदाराने नक्की काय लिहायचं असतं?"

"हिने तुमच्यासमोर सही केली आणि त्या वेळी ही शुद्धीवर होती, एवढंच."

"मग माझ्या हाताने लिहितो," दादा म्हणाला.

म्हणून कलम पहिले बदलून संपूर्ण घर पुतणीला देते. नळाची आणि पायरीची सूचना कायम. दादा लिहीत असताना मी कागदाकडे बघितले नाही. काकूंनी माझ्या पाठीवर हात ठेवला होता.

ठिकाण: दुकानाच्या मागची खोली.
दिनांक: रविवार, चर्च सुटल्यावर. तारीख वकीलबाईंच्या शिक्क्यात आहे.
सही: पंपवाली

साक्षीदार पहिली: दातांची डॉक्टर, वरचा मजला. माझ्यासमक्ष सही झाली.

साक्षीदार दुसरा: थोरला भाऊ. असे लिहून देतो की माझ्या बहिणीने माझ्यासमक्ष सही केली आणि त्या वेळी ती पूर्ण शुद्धीवर होती. बाबांच्या ऑपरेशनच्या दिवशीही होती. त्या दिवशी घाबरलेला मी होतो.