तिसरी घंटा

मंगळवार, दुपार

प्रिय धाकट्या,

तुला ताईचे अनेक आशीर्वाद, तुझ्या बायकोला आणि मुलींनाही. तुझं पित्त कसं आहे? जागरणं बंद कर म्हणून मी सांगत असते, पण ताईचं ऐकायचं नाही हे तू पाळण्यातच ठरवलंस. आम्ही दोघं मजेत आहोत. अक्षर जरा वेगळं वाटलं तर मनावर घेऊ नकोस, इथलं टेबल डुगडुगतं. फोनच केला असता, पण इथल्या भिंती इतक्या पातळ की शेजारच्या बाईंना शिंक आली तर हे इकडून 'काळजी घ्या' म्हणतात, आणि त्या बाई मॅनेजरच्या मावशी लागतात. म्हणून पत्र. इथला माळी संध्याकाळी तुझ्या गल्लीवरूनच घरी जातो, तो आणून देईल.

चौदा खिडक्यांचं घर विका आणि ज्येष्ठांच्या वसाहतीत दीड खोलीत सुखाने राहा, म्हणून तूच आमच्या मागे लागला होतास. झाडायला नको, पुसायला नको, गळके नळ नकोत. खरंच नकोत. इथे धूळसुद्धा परवानगी काढून येत असावी. पण मला रिकामं बसवत नाही. पहिल्याच दिवशी मी दोन टॉवेल धुतले (धुवायला खाली द्यायचे असतात, ठाऊक आहे, पण दुसऱ्याने पिळलेलं मला पिळल्यासारखं वाटत नाही). बाथरूममध्ये छतापासून एक छान लाल दोरी लोंबत होती. एकच टोक बांधलेलं, म्हणजे कारागीर काम अर्धवट टाकून गेला असणार, असं समजून मी दुसरं टोक ओढून खुंटीला बांधलं आणि टॉवेल वाळत घातले. ती मदतीला बोलवायची दोरी निघाली. घंटा वाजते खाली ऑफिसात, आपल्याला पत्ताच नसतो. त्यामुळे हे अंगाला साबण लावून उभे असताना नर्स, वॉचमन आणि हातात झारा घेतलेला आचारी असे तिघंही आत शिरले. आठवड्याभराने यांनी दिवा लावायला म्हणून तीच दोरी ओढली. (यांचं म्हणणं, दिव्याचं बटण चुकीच्या जागी आहे. असेल.)

मॅनेजर सभ्य माणूस आहे. त्याने वहीत लिहून घेतलं आणि गोड आवाजात सांगितलं की पहिल्या तीन महिन्यांत तिसऱ्यांदा घंटा वाजली, मग कारण काही का असेना, तर आम्हाला स्वतंत्र राहणं झेपत नाही असं धरतात आणि देखरेखीच्या इमारतीत हलवतात. तिथे बायका खालच्या मजल्यावर, पुरुष वरच्या. भेटायची वेळ चार ते सहा. धाकट्या, एकेचाळीस वर्षं मी या माणसाच्या घोरण्याला शिव्या देत झोपले आहे. ते ऐकू येणार नाही म्हटल्यावर मला घाम फुटला. परत जायचं म्हटलं तर घरही राहिलं नाही, नव्या मालकाने खिडक्यासुद्धा बदलल्या.

त्या दिवसापासून आम्ही बाथरूममध्ये चोरासारखे जातो. दोरी गुंडाळून वर खिळ्याला बांधून टाकली आहे. एक आत गेलं की दुसरं दाराशी उभं. तीन महिने संपायला अजून एकोणीस दिवस आहेत. आणि काल सकाळी ती गाठ सैल तर झाली नाही ना, हे बघायला हे स्टुलावर चढले आणि धाडकन खाली आले. मी धावले. खाली पडल्या पडल्या यांनी पहिलं काय सांगितलं असेल? "दोरीला हात लावायचा नाही." मग मीही खाली बसले. दीड तास आम्ही ओल्या फरशीवर बसून होतो. मध्येच नर्सने दार वाजवलं, तेव्हा बाथरूम धुणं चाललंय असं आतूनच सांगितलं. शेवटी बादली पालथी घालून, तिच्यावर रेलून उठलो. उजवं मनगट टम्म सुजलंय. जेवणघरात डाव्या हाताने चमचा धरावा लागतो, आणि नर्सने विचारलं तेव्हा मेंदूला व्यायाम म्हणून सांगितलं. आज आमच्या टेबलावरचे तिघं डाव्या हाताने जेवत होते.

बाकी सगळं ठीक. काळजी करण्यासारखं काही नाही.

तुझी,
ताई

ता.क. उद्या सकाळी गाडी घेऊन ये. ऑफिसात सांग, घरी जेवायला नेतोय. गुपचूप हाडाच्या डॉक्टरकडे जाऊ. मॅनेजरशी भांडायचं नाही.

ता.क. २. उद्या आल्यावर कळेलच, म्हणून सांगते. अक्षर यांचं आहे, मी नुसती सांगतेय. सुजलेला हात माझा आहे. पडले मी. दोरीला हात लावायचा नाही, हेही मीच म्हणाले. आधी लिहिलं असतं तर तू तसाच उठून ऑफिसात भांडायला आला असतास. हे लिहिताना सारखं नाक ओढतायत, त्यांना सर्दी झालीय.

ता.क. ३. हा माझा एकट्याचा. मेहुणेबुवा, मला सर्दी झालेली नाही. तुमची ताई डोळे मिटून पडली आहे, झोप लागली असं मला वाटावं म्हणून. बोटं काळीनिळी पडत चालली आहेत. उद्यापर्यंत थांबायची माझी छाती नाही. हे पत्र माळ्याच्या हातात दिलं की मी स्टुलावर चढून ती गाठ सोडणार आणि दोरी ओढणार आहे. तुम्ही ऑफिसात फोन करून विचारा आणि तिला नेलं असेल त्या हॉस्पिटलात सरळ या. चार ते सहा तर चार ते सहा. तिने विचारलं, तर दिवा लावायला गेलो होतो असं सांगेन.